लेकीकडे इंग्लंडला जाताय? तिथली जुनी घरं अशी बघा

चॅट्सवर्थ या डर्बीशायरमधल्या प्रसिद्ध जुन्या घराला पहिल्याच आठवड्यात जाऊ नका. डर्बी-नॉटिंगहॅमकडे ज्यांची मुलं नोकरीला आहेत, त्या आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आईवडिलांना मुलं आधी तिथंच नेतात. कारंजी आहेत, बाग आहे, फोटो चांगले येतात, नेणाऱ्यांची काही चूक नाही. पण घर म्हणून ते इतकं मोठं आणि इतक्या वेळा फिरवून बांधलेलं आहे की नवख्याला त्यातलं काही लागत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या खिडक्या बघून मान दुखते आणि गाडीत बसल्यावर 'छान होतं' यापलीकडे बोलायला काही राहत नाही. त्याआधी तीन घरं बघा: हॅडन हॉल, हार्डविक हॉल आणि केडल्स्टन हॉल. तिन्ही डर्बीशायरमध्येच आहेत, आणि बघायची ती याच क्रमानं.

मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. आयटीआयचा कोर्स करून टेबलाला लागले ती निवृत्त होईपर्यंत शाळा, दवाखाने, क्वार्टर्स यांचे प्लॅन काढत राहिले. आधी ट्रेसिंग पेपरवर, शेवटी शेवटी ऑटोकॅडवर. शीटवरची अक्षरं कन्नडमध्ये, माझ्या वहीतल्या नोंदी मराठीत. पुढं लिहिलेलं सगळं त्या टेबलावरच्या सवयीतून आलंय. कुठल्या ड्यूकनं कुणाशी लग्न केलं हे तिथल्या पाट्या सांगतातच. धूर कुठून जायचा, उजेड कुठून यायचा आणि जेवण कुठल्या वाटेनं यायचं, एवढ्या तीन गोष्टी हुडकल्या तर कुठलंही जुनं घर बऱ्यापैकी उलगडतं.

निघण्याआधी, इथंच

सामान थोडंच लागतं. चौकटीची वही, दोन पेन्सिली, खोडरबर आणि छोटी दुर्बीण. दुर्बिणीला 'कशाला ओझं' म्हणू नका, धुराडी आणि छपराच्या कडा तिच्याशिवाय दिसत नाहीत. घरात शाईचं पेन काढू नका, चारशे वर्षांचे पडदे टांगलेले असतात. टेप नेऊन उपयोग नाही, दालनात जमिनीवर टेप पसरलेलं कुणाला आवडत नाही.

टेपचं काम पावलांनी करायचं. घरासमोरच्या रस्त्यावर तीस मीटर आखा, नेहमीच्या चालीनं चाला आणि पावलं मोजा. असं चार-पाचदा करून सरासरी काढा. तिकडं जे बूट घालणार तेच घालून मोजा. चपलेतलं पाऊल आणि जाड बुटातलं पाऊल यांत फरक पडतो, आणि लांब दालनात तो फरक वाढत वाढत एका खोलीएवढा होतो.

मग एक सकाळ बेळगावच्या कॅम्पात फिरा. तिथल्या जुन्या बंगल्यांचा आराखडा रस्त्यावरूनही कळतो: पुढं पोर्च, भोवती व्हरांडा, उंच कौलारू छप्पर, गरम हवा वर निघून जायला झरोके, आणि स्वयंपाकघर मागं वेगळं, झाकलेल्या बोळानं मुख्य घराला जोडलेलं. त्याच्याही मागं नोकरांच्या खोल्यांची ओळ. मिलिटरीचा भाग आहे, त्यामुळे मोबाईल पिशवीतच ठेवा आणि डोळ्यांनीच बघा. दुसऱ्या दिवशी शहापुरातला एखादा ओळखीचा वाडा बघा. (इंग्रजांच्या काळात शहापूर सांगली संस्थानात, म्हणून गल्लीची ठेवणच वेगळी.) तिथं सोपा, चौक, माजघर, परसू. चूल घराच्या पोटात, माजघराला लागून. एकाच गावात स्वयंपाकघराच्या या दोन जागा आहेत. त्या डोक्यात ठेवून विमानात बसा, कारण हॅडन ते केडल्स्टन ह्या चारशे वर्षांत नेमकी हीच गोष्ट सरकत गेलेली दिसते.

सांधे ओळखायचा सराव बेळगावच्या किल्ल्याच्या तटावर होतो. तट वेगवेगळ्या काळात दुरुस्त झालाय. एका जागी घडीव दगडांचे थर सरळ येत असतात आणि मध्येच मोडतात, दगडाचा आकार बदलतो, दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायची पद्धत बदलते. तिथं थांबून बोट ठेवा: इथं एक काम संपलं, दुसरं सुरू झालं.

आत जाण्याआधी अर्धा तास बाहेर

तिकीट काढलं की सगळे थेट दाराकडे धावतात. आमचे हे तर पहिल्या घराला वैतागलेच होते, "भिंतीकडं काय बघालीस? आत चल की." मी त्यांना चहाच्या खोलीत बसवलं. तिथं स्कोन नावाचा गोडसर पाव मिळतो, त्यावर अर्धा तास निघतो.

आधी छपराकडे बघा आणि धुराडी मोजा. एका धुराड्याच्या बुंध्यात बरेचदा तीन-चार नळ असतात, आणि प्रत्येक नळाखाली कुठंतरी एक शेगडी. म्हणजे किती खोल्या उबदार होत्या ते बाहेरूनच कळलं. ही धुराडी बाहेरच्या भिंतीला चिकटलेली आहेत की घराच्या मधोमध उभी आहेत, हेही वहीत टिपा. हार्डविकमध्ये सगळं त्यावरच अवलंबून आहे.

नंतर भिंती. उभा सरळ सांधा, म्हणजे शेजारच्या दोन भिंतींचे दगड एकमेकांत न गुंतता वरपासून खालपर्यंत नुसती रेघ दिसत असेल, तर त्यातली एक बाजू नंतर जोडलेली. आपण जुन्या शाळेला नवी वर्गखोली जोडतो तेव्हाही हेच होतं. कोपऱ्याचे मोठे घडीव दगड भिंतीच्या मधेच आलेले दिसले तर घराचा मूळ कोपरा तिथं होता.

पावसाच्या पाण्याच्या नळांकडे तर कुणी बघतच नाही. आपल्याकडं पाऊस इतका, तरी नळ म्हणजे पीव्हीसीचा पाईप. तिकडं जुन्या घरांना शिशाचे नळ, आणि वर पाणी जमा व्हायला शिशाची पेटी. त्या पेटीवर पुष्कळदा साल आणि मालकाची आद्याक्षरं उठवलेली असतात. दुर्बीण लावून वाचा. पण ते साल नळाचं, घराचं असेलच असं नाही. घर शंभर वर्षं आधीचं असून मालकानं छपराची डागडुजी करताना आपलं नाव डकवलेलं असू शकतं.

खिडक्यांवरून काळ पटकन लागतो. दगडी उभ्या-आडव्या दांड्या आणि त्यात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले काचेचे लहान तुकडे दिसले तर ते जुनं काम, साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं. लाकडी चौकटीतली वर-खाली सरकणारी खिडकी सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आली आणि पुढच्या शतकात सगळीकडे झाली. त्यातही काचांमधल्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर काम आधीचं, नाजूक असतील तर नंतरचं. अख्खी मोठी काच असेल तर ती बहुधा 1845 नंतर बसवलेली. त्या वर्षी काचेवरची जकात उठली आणि मोठी काच परवडायला लागली.

आता बुजवलेल्या खिडक्या. अशी खिडकी दिसली की घोळक्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "विंडो टॅक्स!" खिडक्यांवर कर होता हे खरंच, 1696 पासून 1851 पर्यंत. पण प्रत्येक आंधळी खिडकी करामुळे बुजवलेली नसते. जवळ जाऊन बघा. चौकट, खालची शिळा, वरचा लिंटल सगळं शेजारच्या खिडकीसारखं नीट, आणि आतला भराव भिंतीच्याच थरात गुंतलेला असेल, तर ती पहिल्यापासून देखाव्याचीच. डावीकडे चार खिडक्या तर उजवीकडेही चार हव्यात, म्हणून केलेली. भरावाचे थर भिंतीशी जुळत नसतील, वीट किंवा दगड वेगळा असेल, तर मात्र ती नंतर बुजवली. करामुळे असेल, नाहीतर आतली खोली बदलल्यामुळे. ही पारख आली की घोळक्यातल्या त्या माणसाशी वाद घालायला मजा येते.

हॅडन, मग हार्डविक, मग केडल्स्टन

हॅडन हे बेकवेल गावाजवळ आहे. मधलं मोठं दालन चौदाव्या शतकातलं. मालकांनी 1700 च्या सुमाराला तिथं राहणं सोडलं ते विसाव्या शतकात परत आले, त्यामुळे मधल्या काळात नवीन फॅशन म्हणून घर पाडून बांधण्याचा प्रश्नच आला नाही. आपल्याला हवं ते इथं दारातच मिळतं. दालनात शिरताना एक आडवी लाकडी भिंत लागते आणि तिच्यामागून बोळ जातो. त्या बोळात दारं ओळीनं आहेत: पेयांच्या कोठाराचं, पावाच्या कोठाराचं, आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेचं. दालनाच्या दुसऱ्या टोकाला उंचवटा, तिथं मालकाचं टेबल. म्हणजे ताट एका टोकानं येणार, मालक दुसऱ्या टोकाला बसणार, आणि मधे सगळी माणसं. स्वयंपाकघरात जाऊन कापायच्या लाकडी फळ्यांना वरून हात न लावता नुसतं वाकून बघा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुऱ्यांनी लाकडाला खळगे पडलेत. वरच्या लांब दालनातल्या खिडक्यांच्या काचा किंचित फुगीर आणि एकमेकींशी वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या आहेत; हे बाहेरून, ऊन असताना बघायचं.

हार्डविकला पूर्ण दिवस ठेवा. हे घर बांधलं एका बाईनं, एलिझाबेथ टॅल्बट, श्रूजबरीची काउंटेस. लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. चार लग्नं झाली, चौथा नवरा 1590 मध्ये गेला आणि त्याच वर्षी या घराचं काम सुरू झालं. 1597 मध्ये ती राहायला आली, तेव्हा सत्तरीच्या आसपास होती. तिच्या बांधकामाचे हिशेब अजून आहेत. दगड त्याच टेकडीचा, डोंगर उतारावर जी खाण होती तिथूनच काढलेला. घराच्या सहा मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस (एलिझाबेथ श्रूजबरी) ही तिची आद्याक्षरं लांबूनही दिसतात. नम्रपणाचा प्रश्नच नाही.

प्लॅन रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. तो मूळचा दगडी कामाचा गवंडी, आणि त्याची रेखाटनं आजही जपलेली आहेत. माझ्यासारखीला इथं खरी गंमत आहे. 'हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल' असं तिथं म्हणतात. पण एवढी काच लावल्यावर छप्पर कशावर उभं राहिलं? त्यासाठी आधी मोजलेली धुराडी आठवा. ती बाहेरच्या भिंतीत नाहीत. शेगड्या आणि त्यांचे जाड नळ घराच्या आतल्या, कण्यासारख्या भिंतींत घेतले, त्यामुळे बाहेरची भिंत धुराच्या ओझ्यातून सुटली आणि तिच्यात एवढ्या मोठ्या खिडक्या काढता आल्या. काही खिडक्या मात्र नुसत्या देखाव्याच्या. बाहेरून काच, आतून भिंत. कुठल्या ते ओळखायचं असेल तर बाहेर प्रत्येक मजल्याच्या खिडक्या मोजून ठेवा आणि आत गेल्यावर पुन्हा मोजा.

बाहेर उभं राहूनच दुसरी गोष्ट बघा: खिडक्या वर जाताना उंच होत जातात. तळमजला नोकरचाकरांचा, तिथं छत सगळ्यात बुटकं. मधला मजला घरच्यांचा. सगळ्यात वरचा मानाच्या पाहुण्यांचा, तिथं छत सगळ्यात उंच. आपल्याकडं पाहुण्याला खाली ओसरीवर, सोप्यात बसवायची रीत. इथं जेवढा पाहुणा मोठा तेवढे त्याला जिने चढायला लावायचे. दगडी जिना सरळ वर नेत नाही, घरातून फिरवत फिरवत नेतो. वर पोचल्यावर जे दालन लागतं त्याच्या भिंतींच्या वरच्या भागात रंगवलेल्या गिलाव्यात अख्खं रान उठवलंय, त्यात शिकारीची देवता डायाना. जिच्या स्वागतासाठी हा थाट, ती राणी पहिली एलिझाबेथ मात्र इथं कधी आली नाही. पुढचं लांब दालन पन्नास मीटरच्या आसपास आहे. पावलं मोजायची सवय इथं वसूल करा.

मुख्य दालनाची जागाही हॅडनशी ताडून बघा. हॅडनला ते घराच्या लांबीला समांतर पडलंय, दार त्याच्या एका कोपऱ्याला. हार्डविकला दार बरोबर मधोमध, आणि दालन घराला आरपार छेदून मागे जातं. घराची दोन्ही अंगं सारखी हवीत हा हट्ट पुरा करायला ते असं फिरवावं लागलं. वहीच्या एका पानावर दोन्ही प्लॅन शेजारी काढा, मग पाटी वाचायची गरज पडत नाही.

केडल्स्टन डर्बी शहराजवळ. नॅथॅनियल कर्झननं 1759 मध्ये काम काढलं. आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन, आणि शेवटी तरुण रॉबर्ट अॅडमच्या हातात सगळं गेलं. ठेकेदार बदलल्यासारखे आर्किटेक्ट बदलले. समोरची बाजू पेनच्या आराखड्याची, मागची अॅडमची, रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून घेतलेली. एका घराच्या दोन बाजूंना दोन माणसं दिसतात, म्हणून मागे वळसा घालायचा कंटाळा करू नका. नजरेच्या आड येत होतं म्हणून जुनं गावच उचलून लांब वसवलं. चर्च तेवढं राहिलं, ते आजही घराला खेटून आहे.

आत संगमरवरी दालन म्हणतात त्यात वीस खांब. दगड अलाबास्टर, शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधला. भिंतींना खिडकी नाही, उजेड छतातून येतो. मागच्या गोल, घुमटाच्या दालनात शेगडी शोधा. सहज सापडत नाही. कोनाड्यांत वेदी म्हणून जे उभं आहे त्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या. धूर लपवण्यापर्यंत मजल गेली होती.

आणि स्वयंपाकघर? ते घरात नाहीच. मुख्य इमारतीच्या एका बाजूला वेगळा भाग, वाकड्या बोळानं जोडलेला. दुसऱ्या बाजूला तसाच एक भाग कुटुंबाला राहायला. बोळाच्या एका टोकाला उभं राहा, दुसरं टोक दिसत नाही. ताट घेऊन हे अंतर चालायचं, मग वर चढायचं, मग मोठ्या दालनात. जेवण गरम कसं राहत असेल हे तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. मला हॅडनचा छोटा बोळ जास्त शहाणपणाचा वाटतो. आराखड्यात असे चार भाग होते, बांधले दोनच. चारही भाग बघायचे असतील तर कलकत्त्याला जावं लागतं. तिथलं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आजचं राज्यपालांचं निवासस्थान, गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या काळात 1799 ते 1803 मध्ये केडल्स्टनवरून बांधलं गेलं, नकाशा चार्ल्स वायटचा. पुढं व्हाइसरॉय होऊन त्याच घरात राहायला आलेला लॉर्ड कर्झन केडल्स्टनलाच जन्मला होता.

प्लॅन काढताना

आधी बाहेरचा चौकोन काढा, पावलं मोजून. खिडक्या नुसत्या छोट्या रेघांनी दाखवा. मग आत प्रत्येक खोलीची लांबी त्याच पावलांनी. भिंतीची जाडी खिडकीच्या खाचेत दिसते. तिथं उभं राहून किती वीत ते नजरेनं धरा.

आता वजाबाकी करा. समजा बाहेरून बाजू तीस मीटर भरली. आत एका ओळीत दोन खोल्या, बारा आणि दहा. बाहेरच्या दोन भिंती आणि मधली एक मिळून तीन मीटर धरल्या, झाले पंचवीस. मग पाच मीटर गेले कुठं? तिथं नोकरांचा जिना असतो, छोटी कोठडी असते किंवा धुराड्याचा बुंधा असतो. भिंतीवरच्या लाकडी फळ्यांत किंवा कागदात बेमालूम बसवलेलं दार त्याच बाजूला शोधा. मूठ बारीक असते, कधी नुसती किल्लीची भोकं. सापडलं नाही तर खोलीतल्या स्वयंसेवकाला वही दाखवा. हार्डविकला एका आजीबाईंनी माझा प्लॅन बघून चष्मा सावरला, आणि मग गर्दी सोडून मला एकटीलाच भिंतीतल्या गोष्टी दाखवत राहिल्या. 'हे घर किती जुनं?' या प्रश्नाला त्या दिवसभर उत्तर देत असतात. 'ताटं कुठल्या दारानं यायची?' विचारलं की माणूस खुलतो.

खोल्यांना नावं पाटीवरची देऊ नका, कामाची द्या: जेवणाची, झोपायची, वाट, जिना. शाईनं पक्का प्लॅन घरी, रात्री, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला तर कुठली खिडकी कुठल्या भिंतीत होती ते आठवत नाही.

जिने फार आहेत, विशेषतः हार्डविकला, गुडघे दुखत असतील तर सकाळीच वरचा मजला उरकून घ्या. पाठीवरची सॅक पुढं घ्यायला सांगतात, राग मानू नका. हिवाळ्यात घरांच्या आतल्या भागाच्या वेळा कमी असतात, काही ठिकाणी बाग तेवढी उघडी राहते, म्हणून निघण्याआधी जावयाला वेबसाईट बघायला सांगा. हार्डविक आणि केडल्स्टन नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, एकाच पासात होतात. हॅडन खाजगी, त्याचं तिकीट वेगळं.